काळा रंगवलेला मासा

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

संशोधन जहाजावरून तू पाठवलेली पाचही चित्रं पोचली. रेषा नेहमीसारखीच सुरेख. पण तिसरा मासा काळा कसा? सोबतच्या टिपणात तुमच्या शास्त्रज्ञबाईंनी तो लालभडक लिहिलाय. खोल समुद्रातल्या माशांवरचं माझं पुस्तक मुलांसाठी आहे, गंमत नाही. पुन्हा रंगव. आणि वेळेवर जेवत जा.

तुझी खाष्ट ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक नाही गं ती. लाल उजेड तितक्या खोल पोचतच नाही, म्हणून तिथे लाल मासा काळा दिसतो आणि त्यामुळेच वाचतो. तूच शिकवलंस. मी तो त्याच्या शेजाऱ्यांच्या नजरेने रंगवला. काल जाळ्यात एक मासा आला, डोळे नळीसारखे, कायम वर रोखलेले, वरच्या अंधुक उजेडात भक्ष्याची सावली हेरायला. अगदी आमचा कप्तान. समोरचा माणूस दिसतच नाही! ऊन सोसत नाही, म्हणून हल्ली संध्याकाळीच रंगवतो. बाकी मजेत.

माया असू दे, ओरडा कमी कर.
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

उत्तर हुशारीचं आहे. मग बाकीचे चार मासे त्यांच्या खऱ्या रंगांत कसे? ते शेजाऱ्यांना दिसत नाहीत का? आणि ऊन सोसत नाही म्हणतोस. अण्णांनाही आधी लाल काळं दिसू लागलं, मग दिवसा डोळे दिपायला लागले. तू तेव्हा रांगत होतास, मी सगळं पाहिलंय. डॉक्टरांकडे गेलास का? थापा नकोत.

ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

निघण्याआधीच गेलो होतो. अण्णांचंच दुखणं आहे, बापाकडून लेकाकडे आलेलं. रंग आणि दिवसाचा उजेड ओळखणाऱ्या पेशी मरताहेत. अंधुक उजेडातल्या तेवढ्या उरतील. या बहुतेक माशांकडे तेवढ्याच असतात, त्यांचं छान भागतं. पण त्यांना चित्रं काढायची नसतात, ताई. मी रंगाच्या नळ्यांवरची नावं वाचून रंग घेतो. तिसऱ्या माशाच्या वेळी एकीचा कागद निघाला होता, लाल समजून काळी उचलली. एवढी सफर पुरी करू दे. कुणाला सांगू नकोस.

तुझाच

८ मे

बाळा,

कर पुरी. कुणाला सांगितलेलं नाही. नंतर इथेच यायचं, वाद घालायचा नाही. पुढची खोली तुझी. तिला जाड पडदे शिवायला टाकलेत. शिंपी म्हणाला, एवढ्या उजेडाच्या खोलीला असले पडदे कशाला? म्हटलं, भाऊ येतोय. त्याने माप लिहून घेतलं.

ताई