तिसऱ्या पानाचा कार्बन

५ फेब्रुवारी १९७९, सोमवार

टाइपरायटर घरी आला! शिपाई बाबाराव आणि रिक्षावाला, दोघांनी मिळून मागच्या खोलीत आणून ठेवला. पाय प्लास्टरमध्ये आहे, बोटं नाहीत — साहेबांना उशिरा का होईना सुचलं. क्लार्कच्या परीक्षेचा पेपर टाइप करायचा आहे. चार पानं. परीक्षा ४ मार्चला. ऑफिसात सोयच नाही म्हणे, तिथे प्रत्येक टेबलावर कोणत्या ना कोणत्या उमेदवाराचा मामा बसलेला. माझ्या जवळचं कोणी परीक्षेला बसत नाही, अशा कागदावर सही करून दिली. पेपर फुटला तर नोकरी जाईल, हेही त्यातच होतं.

६ फेब्रुवारी

घराचा किल्ला केला. खिडकीला जुनं लुगडं लावलं. मशीनला झाकण, झाकणाला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. कार्बन एकदाच वापरायचा — एकदा वापरलेला कार्बन उजेडात धरला की अक्षर न् अक्षर वाचता येतं. बाहेरच्यांना हे माहीत नसतं. बिघडलेले कागद, वापरलेले कार्बन, सगळं रोज संध्याकाळी चुलीत. मला चुलीपुढे बसता येत नाही, म्हणून ते काम मायकडे दिलं. तिला वाचता येत नाही. तिच्याइतकं बिनधोक माणूस मिळायचं नाही.

माय म्हणे, "एवढं काय लपवून राहिली वं? नोटा छापतं काय?"

८ फेब्रुवारी, गुरुवार

देवराव जेवता जेवता सांगतो, त्याने फॉर्म भरला. हीच परीक्षा! आधी का नाही सांगितलं, विचारलं. "तुले आधी सांगितलं असतं तं तू म्हटलं असतं, पहिले अभ्यास कर, मंग भर." खरं आहे. म्हटलं असतं. बी.ए. होऊन चार वर्षं आरा मशीनवर लाकडं मोजतो आहे माझा भाऊ. एप्रिलमध्ये त्याची वयाची अट संपते. म्हणजे ही शेवटचीच संधी.

साहेबांना सांगावं तर काम काढून घेतील, प्लास्टर निघेपर्यंत बिनपगारी बसावं लागेल. नाही तर त्याचाच फॉर्म रद्द करतील. नाही सांगणार. पण पेपर आणि देवराव एका घरात राहणार नाहीत, हे नक्की. त्याला म्हटलं, परीक्षा होईपर्यंत कळमेश्वरला मामाकडे जाऊन राहा. ऑफिसचं काम घरी आणलं आहे, काय ते विचारू नको. त्याने माझ्याकडे पाहिलं, मशीनच्या कुलपाकडे पाहिलं आणि पिशवी भरायला लागला.

१३ फेब्रुवारी

साहेबांचा फोन, तो भैय्याजींच्या किराणा दुकानात. काठी टेकत टेकत गेले. साहेब सुरूच झाले, "तो चौथा प्रश्न आहे ना, त्यात —" दुकानात सात-आठ गिऱ्हाईकं, सगळ्यांचे कान माझ्याकडे. "साहेब, फोनवर नाही. बाबारावला पाठवा," म्हटलं आणि ठेवून दिला. माय म्हणते, आता तुही बदली पार जंगलात, सिरोंच्याले. होऊ दे.

१७ फेब्रुवारी, शनिवार

तिसरं पान काल झालं. पाच गणितं. सगळ्यात जास्त मार्कांचं पान.

देवराव पुस्तकं न्यायला आला होता. मी मागच्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसले. पुस्तकं मायने काढून दिली. मग शेजारी इंदूबाईंकडे तासभर बसला आणि तसाच गेला. झुणका केला होता त्याच्यासाठी, जेवलाही नाही. रागावला असेल. रागावू दे.

२१ फेब्रुवारी, बुधवार

इंदूबाई उशीचा अभ्रा दाखवायला आल्या. दोन मोर, अर्धे भरून झालेले, अर्ध्या नुसत्या निळ्या रेघा. रेघा कशाने काढल्या विचारलं. "तुह्या मायनं कार्बन देल्ला नं मले. शनिवारी देवरावनं मोर उतरवून देल्ले."

कार्बन मागून घेतला. खिडकीचं लुगडं बाजूला करून उजेडात धरला. मोरांच्या खाली तिसरं पान. पाचही गणितं स्वच्छ.

माय म्हणते, "एकदाच तं वापरला होता. नवाच होता. चांगली वस्तू जाळू काहून?" किती दिले? एकच. बाकीचे चुरगळले होते, ते जाळले. मी ओरडले. मायवर इतकी कधी ओरडले नव्हते. किल्ली गळ्यात आणि पेपर शेजारणीच्या उशीवर! ती कोपऱ्यात बसून डोळे पुसत राहिली, तरी मी थांबले नाही.

आणि देवराव. त्याच्या हातात तासभर ते पान होतं. टाइपाची अक्षरं त्याला दिसली नाहीत असं कसं होईल? जेवला नाही तो रागाने नाही, तोंड दाखवायला नको म्हणून. चार दिवस झाले, एका शब्दाने कळवलं नाही. कळमेश्वरला बसून तीच पाच गणितं घोटत असेल. माझाच भाऊ! लाज वाटते लिहायला.

२२ फेब्रुवारी

साहेबांना पत्र लिहिलं, हाताने. कार्बन कसा बाहेर गेला, भावाचा फॉर्म मी कसा लपवला, त्याने पान पाहिलं — सगळं. त्याचं पूर्ण नाव घातलं.

माय म्हणाली, "पोराच्या पोटावर पाय देऊन राहिली तू. तुही बी नोकरी जाते." जाऊ दे. चारशे पोरं बसणार आहेत, त्यांनाही माय आहे. उद्या स्वतः नेऊन देणार. रिक्षा सांगून ठेवली.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी पत्र वाचलं. म्हणाले, "तुम्ही येता का, तेच पाहत होतो." ड्रॉवरमधून एक आंतरदेशीय काढून माझ्यापुढे ठेवलं. देवरावचं अक्षर, १८ तारखेचं. तिसऱ्या पानावरची गणितं माझ्या पाहण्यात आली आहेत, ती बदलावीत. माझा फॉर्म रद्द करावा. साहेब म्हणाले, दोन्ही झालं आहे, बुधवारीच.

खाली लिहिलं होतं — माझ्या बहिणीला कळवू नये. ती मला फॉर्म मागे घेऊ देणार नाही.