मेणानं बंद केलेला लाल दिवा

खालापूर,
ता. १७-६-६८

चि. सौ. इंदूबाईस तुज्या थोरल्या भावाचा, कोंडाजीचा आशीर्वाद. वि. वि. तुजं पत्र पोचलं. जयवंता तुज्याकडं ऱ्हाऊन रोज भिवपुरीवरनं कर्जतच्या भातगिरणीत सायकलनं जातो, येताना अंधार पडतो, मागनं टरक येतात, म्हणून तुजे मालक, आमचे पाव्हणे, त्येला डायनामोचा मागचा दिवा बसवणार, असं तू लिवलंस. काय गरज नाय. पोराचा बाप अजून जित्ता हाय.

मी खोपोलीच्या बाजारातनं दिवा आणला. दुकानदार नुस्ती चकाकी दाखवाया लागला. मी म्हटलं, पावसात टिकतो का तेवढं बोल. तीन दिवे त्येच्याच पाण्याच्या पिंपात बुडवले. त्यो वरडला, वरडू दे. दोनांतनं भसाभसा बुडबुडे आले, तिसऱ्यातनं थोडके. त्योच घेतला. ब्याटरीच्या दोन शेलवर चालतो. भर पावसात घरी आणला नि लगेच समद्या सांध्यांना मधाच्या पोळ्याचं मेण तापवून लावलं, झाकणालाबी. काल आयतवारी जयवंता आला तवा दिला.

आता त्यो कुणी उघडायचा नाय. शेल संपले की जयवंतानं दिवा घिऊन हितं यावं. मी शेल घालीन, मीच परत मेण लावीन. पाव्हण्यांना सांग, तुमचा पान्हा तुमच्या पावरहौसात चालवा.

बाकी ठीक. माया असू दे, आगाऊपणा नको.

कोंडाजी

---

भिवपुरी क्याम्प,
ता. २८-६-६८

ती. दादांस इंदूचा शि. सा. न. वि. वि. दिवा बघितला. ह्यांनी उलटापालटा करून म्हटलं, दादांनी काम पक्कं केलंय. तुमी त्यांना नावं ठेवता नि ते तुमची तारीफ करतात, आता मी कुणाची बाजू घेऊ?

आन दादा, रागवू नका, पर मेण पाण्यासाठी लावलंत का पोरासाठी? शेल संपले की पोरगा तुमच्या दारात हजर. वैनी गेल्यापासून तुमी येकटे, मला कळतं.

येक अडचण हाय. दिव्याला आतनं घाम येतो. मेण लावलंत तवा पाऊस हुता, ओल आतच कोंडली. काचेवर धुकं बसतं, लाल उजेड फिका पडतो. डायनामो घरात आणून ठेवलाय, पर हे म्हणतात, दादांच्या होकाराबिगर लावायचा नाय. तवा कळवा.

पावसात उघडं फिरू नका. धाकट्या बहिणीवरचा लोभ रागानं कमी करू नका.

तुमची इंदू

---

खालापूर,
ता. ८-७-६८

चि. सौ. इंदूबाईस आशीर्वाद. काल जयवंता शेल घालाया आला. दिवा हातात घेतला तर पलाश्टिकच्या बुडाला भोक! चांगलं गोल, मुद्दाम पाडलेलं. मला काय समजत नाय व्हय? बापाचा दिवा बिघडला की पाव्हण्यांचा डायनामो लागतो. पंधरवड्यातनं येकदा पोरगं माज्याकडं येतं, तेवढंबी त्यांना खुपतं.

मी शेल घातले, भोकावर दुप्पट मेण थापलं. जयवंता कायतरी सांगाया लागला. म्हटलं, त्यांची वकिली माज्या घरात नको. त्यो ताटावरनं उठून गेला. पयल्यांदा असं केलं त्यानं. हे कुणी शिकवलं ते मला ठावं हाय.

त्यांच्या ओसरीवर बसतो, त्यांच्या संगं जेवतो, त्यांचंच आयकतो. इंदू, तूच सांग, बाप कोन हाय त्येचा?

डायनामो लावायचा नाय. हे शेवटचं.

कोंडाजी

---

भिवपुरी क्याम्प,
ता. २६-७-६८

ती. दादांस इंदूचा शि. सा. न. वि. वि. आधी वाचा की जयवंता बरा हाय. मग पुढचं वाचा.

परवा सांजच्याला कर्जतवरनं येताना मागच्या टरकवाल्याला हा दिसलाच नाय. पार अंगावर आला तवा जयवंतानं सायकल शेतात घातली. चिखलानं वाचवला. मनगट मुरगळलंय, टम्म सुजलंय, पर हाड शाबूत हाय.

दिवा इझलेला हुता, दादा. शेल कदीच संपले हुते. झाकण उघडावं तर तुमचं मेण मोडतं, घरी यावं तर तुमी अंगावर येणार, म्हणून गप अंधारात येत हुता. आमी इचारलं की म्हणायचा, लागतोय दिवा.

भोक ह्यांनी नाय पाडलं. जयवंतानंच छत्रीची काडी तापवून पाडलं, आतला घाम गळून जावा म्हणून. तवापासनं दिवा लखलखीत लागत हुता. त्येच तो तुमाला सांगाया बघत हुता. हे रोज डायनामो पुढं करायचे नि तो रोज म्हणायचा, नको, माज्या बानं दिलाय. ह्यांनाबी लागतं वो ते. आमाला पोर नाय.

बाप कोन, हे तुमी मला इचारलंत. त्यालाच इचारायचं हुतं. त्यानं येका दमात सांगितलं असतं.

चुकलं असंल तर पोटात घाला, पर माया तुटू देऊ नका.

तुमची इंदू

---

खालापूर,
ता. २८-७-६८

चि. सौ. इंदूबाईस आशीर्वाद. पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

उद्याच्या पयल्या गाडीनं निघतो. हे पत्र नि मी बहुतेक संगंच पोचू. तरी लिवतो, तोंडावर बोलाया मला जमत नाय.

मेण मीच फोडीन. पाव्हण्यांनी डायनामोबी बसवावा, मी आल्या आल्या. मी सायकल धरून हुबा ऱ्हातो. त्यांचा राग अजून हाय मला, खोटं कशाला बोलू. पोरगं सांजच्याला त्यांच्या नदरंसमोर असतं नि माज्या नसतं, त्येचा हाय. पर त्यो टरकवाल्याला दिसला पायजे. मला नाय दिसला तरी चालंल.

जयवंताला सांग, मी येतोय, वरडाया नाय. पाव्हण्यांना माजा रामराम सांग, मागल्या पत्रांत सांगितला नवता.

सगळ्यांनी जपून ऱ्हा.

कोंडाजी

ता. क. आंबेहळद मी हितनंच घिऊन येतो, आल्यावर उगाळून लावीन. पाव्हण्यांनी पोराच्या मनगटाला लावली असंल तर धुऊन टाका.