मुराळ्याच्या गाडीतला पिंजरा

३ नोव्हेंबर, सोमवार
गाडी गॅरेजमधून आली. रंग नवा, टप सरळ. निपाणीच्या वाटेवर तवंदी घाटात आपण उलटलो होतो हे आता कुणी सांगूनही पटणार नाही.
चूक माझी नव्हतीच. पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे दिवा नाही. मी ब्रेक दाबला, गाडी कडेच्या मातीवर चढली आणि कलंडली. मी आणि बायको, सरोजिनी, सीटबेल्टच्या पट्ट्यांना लोंबकळत. तिच्या बांगड्या फुटल्या, बाकी खरचटलंही नाही. पण टप चार बोटं आत आला होता. त्याचा तो आवाज. असो.
मुद्दा असा की हल्ली गाड्यांना टप म्हणून पत्र्याच्या डब्याचं झाकण लावतात.
आमच्या लेकीला, माधवीला, सातवा महिना चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. आम्हाला मुलगा नाही, तेव्हा तिला आणायला तिच्या सासरी निपाणीला मुराळी म्हणून मीच जाणार. आठवा लागायच्या आत, म्हणजे तेवीस तारखेपर्यंत, प्रवास उरका असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.
निश्चय: रोज सकाळी गाडी चालवायची. उद्यापासून.

५ नोव्हेंबर, बुधवार
काल कोर्टात रिक्षाने गेलो. आजही. पार्किंग मिळत नाही, हे खरं कारण.
मोबाईलवर रेसच्या गाड्या पाहिल्या. चार-चार कोलांट्या मारतात आणि ड्रायव्हर बाहेर येऊन हात हलवतो! आत लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो, रोल केज म्हणतात. घरच्या गाडीत का नको? पुढे सगळ्यांच्याच गाडीत येईल. तेव्हा बेळगावात लोक म्हणतील, दत्तोपंत वकिलांनी आधीच बसवला होता.

८ नोव्हेंबर, शनिवार
उद्यमबागला जाऊन आलो, बसने. भरमू अण्णाचं वेल्डिंगचं वर्कशॉप. तो उसाच्या ट्रॉल्या, गोठ्याच्या शेड आणि देवळांची गेटं करतो. म्हणजे अनुभव दांडगा. म्हणाला, "वकीलसाहेब, असा करतो बघा, वर हत्ती बसला तरी वाकायचा न्हाय." काचेच्या मागे मधोमध ॐ काढू का, असंही विचारत होता. नको म्हटलं. रस्ता दिसायला हवा.
गाडी न्यायला त्याचाच माणूस आला. मीच नेणार होतो, पण चष्मा सापडेना. नंतर नाकावरच सापडला.
गाडीत असा बदल करायला आरटीओची परवानगी लागते. मी वकील आहे, मला माहीत आहे. अर्ज करीन. आधी पिंजरा.

१२ नोव्हेंबर, बुधवार
जावईबापूंचा फोन. आदर्श तसा शांत मुलगा, पण आज बराच वेळ बोलला. म्हणाला, "मामा, रेसवाले हेल्मेट घालत्यात. आपल्या कानाजवळ पाइप आला तर साध्या धडकेत डोकं त्याच्यावरच आपटंल की. पट्टा लावायचा, गाडी सावकाश मारायची, बास झालं." सरोजिनीही मागून म्हणाली की आपण पट्ट्यानेच वाचलो.
दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या. त्यांची बाजू: डोकं. माझी बाजू: टप. निकाल माझ्या बाजूने लागला. न्यायाधीशही मीच होतो, पण त्याने काही बिघडत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पिंजरा बसला! भक्कम काम.
एक किरकोळ अडचण. मागे बसायचं तर आधी डोकं, मग उजवा पाय, मग कंबर वळवून उरलेलं शरीर आत घ्यावं लागतं. सरोजिनीला बसवून पाहिलं. अर्धी आत अर्धी बाहेर असताना म्हणाली, "हे पोटुशीसाठी केलंय की माकडासाठी?" माधवी पुढे बसेल. पुढे पाइप फक्त कानाशी येतो.
पाइपांना जुन्या साड्या गुंडाळल्या. समोरच्या जयाबाईंनी विचारलं, लग्न कुणाचं? 
आता भीती कसली? तशी आधीही नव्हतीच.

१६ नोव्हेंबर, रविवार
ट्रायल. गेटबाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर दिसला. बराच लांब होता. तरी गाडी परत आत घेतली, सावधगिरी म्हणून. पाठ घामाने भिजली. पिंजऱ्यामुळे आत वारं खेळत नाही. भरमूला सांगायला हवं.
निश्चय: उद्या निपाणीच्याही पुढे कोगनोळीपर्यंत, थेट बॉर्डरला जाऊन परत.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सोमवारी रहदारी फार. नको.

२० नोव्हेंबर, गुरुवार
माधवी म्हणते, बाबा, आदर्श सोडेल, तुम्ही त्रास घेऊ नका. मी ओरडलोच. जावयाने लेक आणून सोडायची आणि मी दारात उभं राहून बघायचं? मग मुराळी कशाला म्हणायचं? ती म्हणाली, बरं बाबा, या.
फोन ठेवल्यावर जरा आडवा झालो. बीपी असणार.
त्या दिवशी घाटात सरोजिनीच्या जागी माधवी असती तर? दिवसभर हेच डोक्यात येतं. कोर्टात उलटतपासणी चालू असतानाही आलं. साक्षीदार काय म्हणाला ते ऐकलंच नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
निघतोय. ओटीचं सामान घेतलं. सरोजिनीने हातावर दही ठेवलं. मी अगदी शांत आहे. जेवायच्या वेळेला लेक घरात.

त्याच दिवशी, गाडीत
संकेश्वरच्या पुढे ढाब्याशी थांबलोय. इथवर छान आलो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, त्यांना घाई. पुढे तवंदी घाट. उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक जाताहेत. ही मालिका संपली की निघतो.
संपत नाही.
किल्ली दोनदा फिरवली. पाय क्लचवर ठरत नाही. माधवीचा फोन आला, कुठवर आलात? संकेश्वरच्या ढाब्याशी पंक्चर झालंय म्हणून सांगितलं.
आता तिचे फोन उचलत नाही. ढाबेवाला दोनदा चहा देऊन गेला. दुसऱ्या वेळी म्हणाला, "आप्पा, बरं वाटंना व्हय?"

त्याच दिवशी, संध्याकाळ
शेवटी माधवी आणि आदर्शच मला शोधत आली, आदर्शच्या गाडीतून. आदर्श माझ्या गाडीभोवती फिरला, त्याने चारही टायरना पाय लावून पाहिला. म्हणाला, "मामा, हवा भरली व्हय कुणी?" मी व्हय म्हटलं.  गाडी ढाब्यावरच ठेवली, भरमूचा माणूस आणेल.
आदर्श चालवत होता. मागे मी आणि माधवी. समोर ट्रॉली आली की मी पुढच्या सीटला धरायचो. हत्तरगीच्या अलीकडे माधवीने माझा हात सोडवून घेतला आणि आपल्या हातात ठेवला. म्हणाली, "बाबा, डोळे मिटा. ट्रॉली गेली की मी सांगते."
मिटले. हत्तरगीपासून बेळगावपर्यंत रस्ता पाहिला नाही.
मुराळी लेक घेऊन येणार म्हणून गल्लीतल्या बायका आमच्या दाराशी जमल्या होत्या. मागच्या दाराने आधी माधवी उतरली आणि मला हात दिला. सरोजिनी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. जयाबाई म्हणाल्या, "अगं, लेकीवरनं ओवाळ की आधी."
सरोजिनीने आधी माझ्यावरून ओवाळला.