तुझ्या खुर्चीमागचं पॅनल

१४ मार्च, रात्र

प्रिय दादा,

नमस्कार. डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांत नीट ऐकू येऊ लागेल, तोवर फोन नको. म्हणून हे पत्र. जेवण जातंय आणि नर्सशी वादही घालतोस, असं वहिनी म्हणाली. म्हणजे तू ठीक आहेस.

काल स्फोटानंतरची तुमची कंट्रोल केबिन पाहून आले. गॅसच्या टाकीकडच्या भिंतीचं बाहेरचं फायबर फाटलंय, मधला फोम चेपून बोटभर उरलाय, आतल्या थराला मात्र साधी चीरही नाही. सगळा धक्का फोमनं खाल्ला. 'थर्माकोलची खोली' म्हणून आमच्या कारखान्यात बनलेल्या या केबिनची टर उडवायचास, आता उडव. तुम्ही तिघं चालत बाहेर आलात, हे मी दिवसातून दहादा स्वतःशी म्हणते.

आता जे लिहायला बसलेय ते. वहिनीला दाखवायचं की नाही, तुझी मर्जी.

पॅनल पाठवण्याआधी ठोकून बघायचं काम माझं. फोम फायबरला चिकटला नसेल तर आवाज बद्द येतो. गेल्या वर्षी तुमच्या केबिनच्या तीन पॅनलांचा तसा आला. मालक म्हणाले, "गाडी दारात उभी आहे. सही कर." मी केली. दुसऱ्या दिवशी राहवेना, तेव्हा जाऊन मालकांशी बोलले. त्यांनी दोन बदलली. तिसरं बसवून झालं होतं, नेमकं तुझ्या खुर्चीमागचं. "राहू दे आता," म्हणाले, आणि मी गप्प बसले. तू केबिनचा विषय काढलास की मी उठून आत जायचे. तुला वाटायचं, थट्टेचा राग आला.

काल ते ठोकून पाहिलं. हातभर सुटलंय. टाकी त्या बाजूला असती तर, दादा, पुढचं लिहवत नाही.

चौकशीला आलेल्या बाईंना सगळं लिहून दिलं, माझ्या सहीसकट. त्या म्हणाल्या, "नोकरी जाईल, कल्पना आहे ना?" म्हटलं, "आहे." पण आज मालकांनीच बोलावलं. वर न बघता म्हणाले, "आपल्या बाकीच्या सहा केबिन तपासायचा हुकूम आलाय. तूच जा. खराब वाटेल ते काढायला लाव."

वर्षभरानं पोटभर जेवले.

तू रागावशील. रागाव. रागवायला तू आहेस, मला तेवढं पुरे.

समोर येऊन माफी मागेपर्यंत,
तुझी अपराधी
धाकटी