मृत्युपत्र आणि तिसरा खण

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तूर्त पाच अंगांचाच). तुझा गुडघा कसा आहे? वहिनी पत्र वाचून दाखवत असतीलच, त्यांनाही नमस्कार.

आपल्या हौशी मंडळाने ते वाटणीचं नाटक पुन्हा काढलं, आणि यंदा एक प्रयोग खास दृष्टी नसलेल्या प्रेक्षकांसाठी ठेवला. आधी त्यांना रंगमंचावर नेऊन सगळं हात लावून दाखवायचं, मग खेळ चालू असताना कानातल्या यंत्रातून वर्णन ऐकवायचं. वर्णनाला आमची ही. कपाट मात्र मी केलेलं, आणि सुतार माणसाच्या कपाटावरून कुणी हात फिरवला की त्याला राहवत नाही. एका निवृत्त मास्तरांना मी म्हटलं, तिसरा खण ओढून बघा, कसा अलगद सरकतो. त्यांनी ओढला. आत मृत्युपत्र! जे आम्ही भावंडं अख्खं नाटकभर शोधतो, ते मीच सकाळी शहाण्यासारखं तिथे ठेवलेलं. पाच मिनिटांत बातमी पहिल्या रांगेभर झाली.

पहिल्याच अंकात मी टाहो फोडला, "बाबांनी ते ठेवलं तरी कुठे?" रांग एका सुरात म्हणाली, "तिसऱ्या खणात!" गप्प बसवायची सोय नाही, कारण या खेळाला मोठ्याने बोललेलं चालेल, अशी पाटी आम्हीच लावलेली. मी मुकाट्याने खण उघडला. नाटक तासभर आधी संपलं (धाकट्या बहिणीचं काम करणारी नर्सबाई अजून माझ्याशी बोलत नाही, तिचा प्रवेशच आला नाही). पण टाळ्या काय पडल्या, दादा! मास्तर हात धरून म्हणाले, "बारा वर्षांनी नाटक बघितलं." बघितलं म्हणाले. मला हुंदका आवरेना, आणि हिने यंत्र बंदच केलं नव्हतं, सगळ्यांच्या कानात सांगून मोकळी, "आता मात्र हे खरंच रडताहेत." एवढा अभिमान मला स्वतःच्या लग्नातही वाटला नव्हता.

तुझा,
धाकटा

ता. क. दृष्टी गेल्यापासून तू थिएटरची पायरी चढला नाहीस. काय बघायला येऊ, म्हणतोस. हा सगळा खटाटोप मी तुझ्यासाठीच मंडळाच्या गळी उतरवला. रविवारी पुन्हा प्रयोग आहे. ये ना रे.

पुन्हा ता. क. (वहिनी, हे मनातच वाचा.) नाहीच म्हणाला, तर सहज बोलता बोलता सांगा, की त्याची थोरल्या भावाची भूमिका आता मी करतो आणि लोक म्हणतात, त्याच्यापेक्षा बरी. मग त्याच्या चपला तेवढ्या दाराशी काढून ठेवा.