जुनी नाव, पक्कं लाकूड

८ फेब्रुवारी १९५३
"बाईमाणसानं नावंत बसावं, नाव हाकू न्हाय." रत्नागिरीच्या बंदरात मी सुकाणूला हात लावला तेव्हा दादा हे म्हणाला. गूळ विकायला गेला होता, मी सोबत. बारा वर्षांची होते. आता बेचाळीस. राग तेवढाच आहे.
आज शिडाची नाव घेतली. जुनी, रत्नागिरीचीच. घाट चढून घरी आणताना मलकापूरच्या अलीकडे डोलकाठी ट्रकमधून पडली. हरकत नाही, परत चढवली. आक्काने विचारलं, समुद्र मागच्या ट्रकात हाय काय? थोरली बहीण आहे म्हणून सोडून दिलं.

१५ फेब्रुवारी
दादा गावाहून आला. नावेभोवती फिरून म्हणाला, एवढ्या डागडुजीत नवी आली असती की! नवी म्हणजे कच्चं लाकूड. जुन्या लाकडाने समुद्र बघितलेला असतो, हे त्याला सुनावलं. तर म्हणे, बघितला तेवढा बास झाला असंल तिला.
संकल्प: मी शिकवते त्या शाळेला मेची सुट्टी लागली की रत्नागिरी ते वेंगुर्ला. सुकाणूवर मी. दादाला बंदरावर उभं करायचं.
दुसरा संकल्प: चिडायचं नाही.

२२ मार्च
जोतीराम सुतार बैलगाड्या करतो. नाव कधी केली नाही. पण म्हणाला, गाडीच हाय की, चाकं तेवढी न्हाईत. हुशार माणूस. दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या मारल्या. आता चौघांनाही हलत नाही. याला म्हणतात मजबुती.

१९ एप्रिल
नाव अंगणात पालथी, कडक उन्हात. ओल पार गेली पाहिजे. आक्काने तिच्यावर सांडगे घातले. म्हणे, लागली एकदाची कामाला.
चिडले नाही. सांडगे फेकले फक्त.

१० मे
फळ्यांत फटी. बोट जातं. जोतीराम म्हणतो, आधी न्हवत्या. म्हणजे त्याचंच काम! काथ्या आणि डांबर भरायला लावलं. सफर दिवाळीत. मेमधला समुद्र तसाही भरवशाचा नाही.

१२ जुलै
उद्या दादाच्या गावी, नदीत चाचणी. त्याचा निरोप: पाण्याला ओढ हाय, येऊ नगंस. जाणारच.

१३ जुलै, दुपार
बुडाली.
शीड उभारायलाही वेळ मिळाला नाही. काठ हाकेवर होता. पाणी फटींतून आलं म्हणावं, तर सगळीकडून आलं. डांबर भेसळीचं असणार.
दादा काहील घेऊन आला. गूळ आटवायची लोखंडी काहील. पावसाळ्यात इथली माणसं तिच्यातूनच नदी ओलांडतात. दंड धरून मला आत ओढलं. गुळाच्या कढईत बसून, गरगर फिरत काठाला लागले. सगळा गाव जमलेला. कुणी तरी ओरडलं, बाई, पाक आला काय?
दादा एक शब्द बोलला नाही. त्याचाच जास्त संताप. बोलला असता तर उत्तर तयार होतं.

१४ जुलै, सकाळी
अजून दादाच्याच घरी. अंगावर वहिनीचं लुगडं. त्याचं धोतर दोरीवर, ओलंच.
काल तो त्या ओढीत वल्हं मारत आला. त्याला पोहता येत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. काल आठवलंच नाही.
पाणी उतरलं की नाव काढता येईल. लाकूड पक्कं आहे.
दादा परड्यात काहील घासतोय. आत्ता जाऊन विचारते: एकदा तू आत बस, वल्हं माझ्याकडे दे.
न्हाय म्हणेल.