नव्या फोनने निवडलेला नवरदेव

कालुंगू, मसाका रस्ता
केळीच्या बागेची साफसफाई संपली त्या आठवड्यातला मंगळवार

परममित्र, सहाध्यायी आणि मिशन शाळेच्या शेवटच्या बाकावरचे माझे एकुलते एक शेजारी श्रीमान एरियाबू यांस,

नासानायेरीचा नमस्कार पोचावा. रात्र कशी गेली? दिवस कसा चाललाय? घरची माणसं, दारची माणसं, कोंबड्या, सगळं ठीक? केझियावहिनींचा गुडघा काय म्हणतो? (त्यांना म्हणावं, तेल लावणं सोडू नका. मी सोडलं, आणि आता चर्चमध्ये गुडघे टेकले की पाद्रीबाबांचा आशीर्वाद संपतो, लोक घरी जातात, तरी मी तिथेच. सगळे मला फार भाविक समजतात.) तुमच्या मित्यानाकडे कॉफीला फुलं आली का? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, आणि जे नाहीत ते शांत आहेत.

एवढी विचारपूस वाचायला तुला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माझा नवा फोन तीनदा जागा होऊन तीनदा झोपला असता. हे मुद्दाम लिहितो, कारण तू विचारलं आहेस की धडधाकट जुना फोन टाकून नवा घ्यावा का, तो म्हणे फार चपळ असतो आणि दिसायलाही देखणा. या विषयात तू मला तज्ज्ञ मानलंस याबद्दल आभारी आहे. धरणात बुडालेल्याला पाण्याची खोली विचारावी, तसा तुझा प्रश्न आहे. उत्तर देतो, पण कागदावर देतो, कारण फोनवर लिहायला घेतलं की माझ्या मनातलं वाक्य तोच पूर्ण करतो. परवा मी बिशपसाहेबांना ‘आपली प्रकृती’ एवढंच लिहिलं, तर त्याने पुढे ‘झकास!’ असं जोडून, हसरं तोंड लावून, पाठवूनही दिलं. बिशपसाहेब इस्पितळात होते.

माझा जुना फोन तुला आठवतोच. तुझा आणि माझा एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेला. त्याच्या बटणांवरचे आकडे पुसले गेले होते, पण बोटांना पाठ होते, जशी आपल्याला लुले गुरुजींची संथ नदीची कविता पाठ आहे: ‘घाई कसली, माझ्या होडी? काठ कुणी का घेऊन जातो?’ (काय दिवस होते! खिडकीबाहेर फणस, आत आपण, आणि गुरुजींची छडी सुद्धा छंदात पडायची.) तो फोन सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की माणूस ज्याच्यावर चिडून फोन करायला निघाला असेल त्याला तेवढ्यात क्षमा करून टाकायचा. माझी निम्मी नाती त्या फोनच्या आळसावर टिकली होती.

मग हा बदलला कशाला, असं विचारशील. हौसेने नाही रे. आमच्या घराण्यात मुलाकडचे मागणी घेऊन आले की त्या ओळखीच्या समारंभाला मुलीकडून बोलणारा माणूस म्हणजे मी, हे तुला ठाऊक आहे. वडील गेल्यापासून ती खुर्ची माझी. मला दुसरं काही येत नाही. शेतीत माझी केळी सुद्धा माझं ऐकत नाहीत. पण पाहुणे दाराशी आले की ‘कोण बुवा तुम्ही? बाजार तिकडे खाली आहे, वाट चुकलात काय?’ असं म्हणत त्यांना दुपार टळेपर्यंत घोळवावं ते मीच. आता धाकटा भाऊ बुलासियो याने त्याच्या झेरिदाच्या समारंभासाठी कंपालातला किग्गुंडू नावाचा एकजण शोधून काढला. पोरगा धंद्यानेच हे बोलणं बोलतो. काळा चष्मा, टोकदार बूट, आणि दोन तासांत समारंभ आटोपून देण्याची हमी. दोन तासांत! एवढ्यात तर मी पाहुण्यांना अंगणात पाऊलही टाकू देत नाही. बुलासियो म्हणाला, “दादा, तुझ्यासारखं कुणी बोलत नाही, मान्य. पण झेरिदाच्या आत्याचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, ती जिंजाहून फोनवरूनच दिसणार. दुबईची मंडळीही बघणार. तुझ्या त्या डबीत काय दिसणार, कपाळ? नवा फोन घे, नाहीतर किग्गुंडूला बोलावतो.” म्हणजे फोन नवा नाही तर माणूस नवा. मी फोन नवा केला, जुना मोडीत दिला. वामालाने, माझ्या मुलाने, दुबईहून पाठवला.

तर आता त्याचे गुण ऐक. तो पातळ आहे, काचेचा आहे, आणि साबणासारखा निसटतो. म्हणून त्याला लगेच रबराचं जाड जाकीट घालावं लागतं, ज्यामुळे तो जाड होतो आणि ज्या देखणेपणासाठी तो बनवला तो कुणालाच दिसत नाही. (लग्नात आलेल्या चांगल्या सोफ्यावर लोक कायम चादर घालून ठेवतात, त्यातलंच हे शास्त्र.) त्याच्या पाठीला तीन डोळे आहेत. माझ्या तोंडाकडे बघून तो उघडतो, पण सकाळी कवळी लावण्याआधी मला ओळखत नाही. आणि वेग! वामाला म्हणतो, त्याच्या आतलं यंत्र जुन्यापेक्षा कितीतरी पट चपळ आहे. असेल. पण मला कुठे पोचायचं असतं? पूर्वी फोन लागेपर्यंत मी खाकरून, बसून, पहिलं वाक्य जुळवून तयार असायचो. आता मी अजून खुर्ची शोधतोय तोच पलीकडचा माणूस ‘हॅलो हॅलो’ करून दमतो. मी रात्र कशी गेली विचारतो, तर तो घाबरून म्हणतो, “कोण गेलं?”

समारंभाच्या दिवशी अंगणात दोन मांडव पडले. आमच्या बायका उंच खांद्यांच्या घोळदार गोमेसी नेसून, पट्टे आवळून बसल्या; पलीकडे मुलाकडचे पुरुष एकजात पांढरे झगे आणि वर काळे कोट घालून रांगेने बसले. मी सुरुवात फार छान केली होती, हे शत्रूही कबूल करेल. मुलाकडच्या बोलणाऱ्याला मी आधी दंड केला तो बोलताना खिशात हात घातला म्हणून, मग खिशातून हात काढताना घाई केली म्हणून. मग आली ती वेळ: आत्याने उठायचं, रांगेतून फिरायचं, आणि नवरदेवाला ओळखून त्याच्या कोटाला फूल टोचायचं. जिंजाच्या आत्याला, म्हणजे फेडेरेसीला, माझ्या धाकट्या विधवा बहिणीला, नवरदेव आयव्हन चांगला ठाऊक होता. झेरिदाने आधी त्याला तिच्याकडेच नेलं होतं. मी फोन छातीशी धरला, तिचं तोंड त्यात उगवलं, आणि मी चर्चमधल्या मूर्तीच्या मिरवणुकीसारखा रांगेपुढून चालू लागलो. मागून फूल घेऊन बुलासियोची बायको.

आता मला काय माहीत की या फोनला माणसं सुंदर करायची खोड आहे? समोर आलेल्या प्रत्येकाच्या सुरकुत्या तो न विचारता पुसतो, डोळे मोठे करतो, गालांना लकाकी देतो. आयव्हनसमोर उभा राहिलो तर फेडेरेसी म्हणाली, “दादा, शाळकरी पोरं कशाला बसवलीत रांगेत? पुढे चल.” मी खाकरलो. पाय आपटला. पुढे गेलो. शेवटच्या खुर्चीवर आयव्हनचे काका, मुवांगुझी. वय आपल्या बरोबरीचं, विधुर, स्वभावाने कोपऱ्यातल्या कपाटासारखे. फेडेरेसीने नाक काचेला लावलं. मग एकदम ओरडली, “हाच! थांब दादा, हाच तो!”

जुना फोन असता तर मी म्हणालो असतो, लाइन तुटली. पण याचा आवाज जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे खणखणीत; दोन्ही मांडवांनी ऐकलं, आणि बुलासियोच्या बायकोने (ती हुकूम ऐकते, बघत नाही) काकांच्या कोटाला फूल टोचूनही टाकलं. मुलाकडचा बोलणारा उठला. मघाचे दोन दंड त्याच्या मनात होतेच. “मंडळी,” तो म्हणाला, “आम्ही नवं कोरं मॉडेल आणलं होतं. तुमच्या आत्याबाईंना जुनंच पसंत पडलं. आमची तक्रार नाही, जुनंही चालू स्थितीत आहे. फक्त बॅटरी जरा जपा.” असं हसणं मी माझ्या विरोधात कधी ऐकलं नव्हतं. झेरिदा गुडघ्यांवर बसल्या जागी थरथरत होती, रडून की हसून कळेना. मी आपली संथ नदीची कविता सुरू केली. सातव्या कडव्याला बुलासियोने माझा झगा ओढला. आणि तो किग्गुंडू (‘सहज जेवायला’ म्हणून बोलावलेला!) उठला, माइक घेतला, दोन विनोद केले, फूल आयव्हनच्या कोटाला लावलं, सगळ्यांना जेवायला बसवलं. केळीच्या पानात वाफवलेली कोंबडी फार चविष्ट होती असं म्हणतात. मी चाखली नाही.

आता रविवारी भाऊबंद बसणार आहेत. विषय एकच: धाकट्या पुतणीच्या वेळी बोलणार कोण. दोष फोनचा आहे हे कुणी ऐकत नाही. फोन नवा, मी जुना, मग बिघाड कुणात असणार? तेव्हा मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: घेऊ नकोस. नवा फोन कुणाला ओळखत नाही, कुणाला ओळखू देत नाही, आणि जे काल होतं त्याची त्याला कवडीची कदर नाही. जुना जपून वापर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुझ्या कोंबड्यांना माझ्यापासून अभय.

तुझाच,
नासानायेरी

ता. क. मित्यानाचा टॅक्सीवाला त्या दिवशी आलाच नाही, म्हणून हे पत्र टेबलावर पडून राहिलं आणि मध्ये रविवार होऊन गेला. बैठक माझ्याच अंगणात झाली. बुलासियोने डोळे खाली घालून “दादा, आता तू आराम कर” इथपर्यंत आणलं होतं, तोच फोन वाजला आणि त्यात फेडेरेसी. तिला कुणीतरी सगळं कळवलं होतं. म्हणाली, “माझी चूक झाली हे तुम्हाला कुणी सांगितलं? मिशनच्या विहिरीपाशी एक मुलगा रोज सायकलची घंटा वाजवत जायचा. मी घागर भरूनही तिथेच उभी राहायचे. नाव कधी विचारलं नाही, आणि मग माझं लग्न झालं. त्या दिवशी फोनमध्ये तो तस्सा दिसला. आयव्हन-बियव्हन सगळं विसरले मी.” मग ती म्हणाली, मुवांगुझींचा निरोप आलाय, माझा पाय बरा झाला की ते मला मागायला माणसं घेऊन येणार आहेत. “आणि माझ्या वेळी बोलायचं ते दादानेच. त्या किग्गुंडूला घाई असते, मला नाही. चांगलं अंधार पडेपर्यंत चालू दे.” भाऊबंदांनी माना डोलावल्या. खुर्ची माझी राहिली. तुला सांगतो, मी जन्मभर कविता म्हणून म्हणून जे दिवस परत आणू शकलो नाही, ते त्या काचेच्या तुकड्याने डोळ्याची पापणी लवायच्या आत आणले, आणि आणले ते माझ्या बहिणीला! मला याचा राग आला आहे.

ता. क. २. फोन आता फेडेरेसीकडे आहे. तिने मागितला, म्हणाली, यात सगळी माणसं मला आठवतात तशी दिसतात. नाही कसं म्हणू? तेव्हा तुझ्या प्रश्नाचा मी पुन्हा शांतपणे विचार केला. एरियाबू, नवा फोन घे. आजच घे. यंत्र अप्रतिम आहे, घडण देखणी आहे, आणि तुझ्यासारख्या माणसाने मागे राहणं बरं दिसत नाही. तुझा जुना, म्हणजे अगदी माझ्या जुन्यासारखाच आहे तो, हे पत्र आणणाऱ्या टॅक्सीवाल्याच्याच हाती दे. मुवांगुझींच्या माणसांशी तारीख ठरवायची आहे, आणि ती मी सावकाश ठरवणार आहे. टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलंय. चार्जर विसरू नकोस.